शिह त्झूचे डोळे सतत ओले, डाग पुन्हा पुन्हा: तपासणी कुठून सुरू करायची

शिह त्झू जातीच्या कुत्र्याच्या डोळ्यांखालचे तांबूस डाग पुसले की फिके होतात आणि आठ-दहा दिवसांत परत हजर होतात. मग पावडर आणली जाते, मग एखादं द्रावण, मग खाणं बदललं जातं, आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा तिथेच. हे सगळे उपाय रंगावर चालतात. डोळा ओला का राहतो, हे बघायचं राहूनच जातं.

अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. तांबड्या रक्तपेशी मोडताना ती तयार होतात आणि पित्त, लाळ, अश्रू यांच्यावाटे बाहेर पडतात. केस ओला राहिला की ती केसात मुरतात आणि उजेड लागला की आणखी गडद होतात. कुत्रा पंजे चाटत असेल तर तिथले केसही असेच तांबडे होतात, कारण लाळेतही तेच द्रव्य असतं. पांढऱ्या तोंडावर डाग उठून दिसतो, काळ्या तोंडावर दिसत नाही, पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच वाहतं. त्यामुळे काळ्या तोंडाच्या कुत्र्याचा बिघडलेला डोळा फार उशिरा लक्षात येतो. त्याच्या बाबतीत रंगाची वाट न बघता रोज बोट लावून केस ओले आहेत का, ते पाहायचं.

या जातीचा चेहराच अशा तक्रारीला जागा देतो. वजन चार ते सात किलो, पण डोळे मोठे आणि कवटीतली खोबण उथळ, त्यामुळे डोळा बराच बाहेर उघडा राहतो. खालच्या पापणीचा नाकाकडचा भाग अनेकदा किंचित आत वळलेला असतो. नाक आखूड असल्याने अश्रू वाहून नेणारी नळी सरळ न जाता वळणं घेत जाते. त्यात नाकावरचे केस शेवंतीच्या पाकळ्यांसारखे चहूबाजूंनी वर फुटतात आणि थेट डोळ्यात शिरतात. चेहऱ्याला रुबाब त्या केसांनीच येतो, आणि डोळ्यांच्या बऱ्याच तक्रारींमागेही तेच असतात.

लक्षणं: आधी प्रकार ओळखा

सगळं ओलं म्हणजे एकच आजार नव्हे. पुसायच्या आधी, सकाळी उजेडात, डोळ्यातून काय येतं आहे ते नीट बघा.

पाण्यासारखं पातळ, बिनरंगी, दोन्ही डोळ्यांतून, कुत्रा डोळे पूर्ण उघडे ठेवतो आणि खेळतो-खातो नेहमीसारखा: हा सर्वांत जास्त आढळणारा आणि बहुतेक वेळा घरी आटोक्यात येणारा प्रकार. खालच्या सगळ्या तपासण्या मुख्यतः यासाठी आहेत.

तसंच पातळ पाणी, पण केसांखालची कातडी लाल, आंबूस वास, कुत्रा तोंड गादीवर घासतो: ओलाव्यामुळे कातडीवर यीस्ट किंवा जिवाणू वाढले आहेत. कारण तेच, फक्त ते बरेच दिवस चालू आहे.

चिकट, दोरीसारखी ताणली जाणारी, पिवळट किंवा हिरवट चिपडं, आणि डोळ्याची चकाकी कमी: हा बहुधा कोरडा डोळा. ऐकायला उलटं वाटतं, पण अश्रूतला पाण्याचा भाग आटला की उरलेला चिकट भाग साचतो आणि डोळा घाण दिसतो. या जातीत कोरडा डोळा वारंवार आढळतो. कितीतरी कुत्र्यांचे डोळे महिनोन्महिने नुसते पुसले जातात आणि आत डोळा सुकत राहतो. चिपडं या प्रकारची असतील तर घरच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. पशुवैद्याकडे अश्रू मोजायची चाचणी करून घ्या.

बुबुळावर नाकाकडच्या कोपऱ्यातून आत सरकणारा तपकिरी पडदा: डोळ्याला दीर्घकाळ घर्षण किंवा कोरडेपणा सोसावा लागल्याची ती खूण आहे. हा रंग पुसून जात नाही, आणि पसरत गेला तर नजर झाकतो. याचीही तपासणी पशुवैद्याकडेच.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर वाचत बसू नका, त्याच दिवशी कुत्र्याला घेऊन जा: एक डोळा अचानक मिटलेला किंवा अर्धवट उघडा, बुबुळ निळसर-धुरकट, डोळ्याच्या पृष्ठभागावर खड्डा किंवा ठिपका, डोळा लाल आणि दुसऱ्यापेक्षा मोठा दिसणं, कुत्रा पंजाने डोळा खाजवणं, डोळ्यातून रक्त. आखूड तोंडाच्या जातींत बुबुळाची संवेदना कमी असते. जखम बरीच खोल गेली तरी शिह त्झू विव्हळेलच असं नाही. 'दुखत असतं तर ओरडला असता' हा हिशोब इथे धरू नका.

डोळा खोबणीतून बाहेर आला तर ती घटका-घटकेची बाब आहे. आत ढकलायचा प्रयत्न करू नका. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड हलकेच वर धरा, पंजा लागू देऊ नका आणि निघा. म्हणूनच या कुत्र्याला मानेच्या कातडीला धरून कधीही उचलायचं नाही. तेवढ्या ताणानेही उथळ खोबणीतला डोळा बाहेर येऊ शकतो.

तपासणी १: पाणी खरंच डोळ्यातलं आहे का?

फुकटात होणारी आणि नेहमी वगळली जाणारी ही तपासणी. डोळ्यांखालचे केस आणि दाढी, दोन्ही कोरड्या कापडाने टिपून पूर्ण सुकवा. दोन तासांनी, कुत्रा मधे पाणी प्यायलेला असताना, परत बोट लावून बघा. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली ओळ ओली असेल तर पाणी डोळ्याचं. दाढी आणि ओठांच्या कडा ओल्या आणि कोपरा कोरडा असेल तर ते पाण्याच्या भांड्याचं किंवा लाळेचं.

दुसऱ्या प्रकारात डोळ्यांवर काही करायची गरजच नाही. पसरट भांडं काढून तोंड जेमतेम आत जाईल असं अरुंद, खोलगट भांडं ठेवा, पाणी प्यायल्यावर दाढी टिपा. ओठांच्या घडीत वास येत असेल तर दात आणि हिरड्या बघून घ्या.

डाग एकाच बाजूला आहे का, हेही आत्ताच नोंदवा. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर कारण बहुधा केस, पापणीची ठेवण किंवा हवा. एकाच बाजूला असेल तर त्या डोळ्यात काहीतरी स्थानिक बिघाड असतो: रुतलेला कण, चुकीच्या जागी उगवलेला केस, तुंबलेली नळी, दाताचं मूळ. एकतर्फी आणि नव्याने सुरू झालेलं पाणी घरी फार दिवस तपासत बसू नये.

तपासणी २: डोळ्याला केस टोचतो आहे का?

जास्तीत जास्त वेळ या तपासणीला द्या, कारण बहुतेक तक्रारी इथेच सुटतात.

कुत्र्याला उंच, न घसरणाऱ्या पृष्ठभागावर बसवा. एका हाताने हनुवटीखालची दाढी मुठीत धरा. डोकं स्थिर ठेवायचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, गळ्यावर दाब येत नाही. बाजूने प्रकाश टाका, समोरून टाकला तर बारीक केस दिसत नाहीत. आता तीन ठिकाणं बघा.

पहिलं, नाकाच्या वर दोन डोळ्यांच्या मधले केस. ते वर वाढून बुबुळाला टेकतात का? पिल्लू तीन ते सहा महिन्यांचं असताना हे केस ना इतके आखूड असतात की टोचू नयेत, ना इतके लांब की खाली पडावेत. त्या काळात पाणी वाढणं अपेक्षितच आहे.

दुसरं, डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातला गुलाबी मांसल ठिपका. त्याच्यावर बारीक केस उगवलेले असतात. दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसे हे केस अश्रू ओढून गालावर आणतात. इथे कुत्रा डोळा मिचकावत नाही, लालीही नसते; फक्त पाणी वाहत राहतं.

तिसरं, नाकावरची कातडीची घडी. ती फुगीर असेल तर तिच्यावरचे केस बुबुळावर घासतात.

आता उपाय. नाकावरच्या केसांसाठी दोनच मार्ग आहेत आणि त्यातला एक धरून राहायला हवं. एक: केस वाढू द्यायचे. रोज ओल्या फणीने खाली आणि बाजूला विंचरत राहिलं की काही महिन्यांत ते वजनाने मिशीत मिसळतात आणि डोळ्यापासून दूर राहतात. दोन: आखूड ठेवायचे आणि दर दोन ते तीन आठवड्यांनी न चुकता कापायचे. घोळ होतो तो या दोघांच्या मधे. एकदा कापले आणि महिनाभर विसरले, तर तीन-चार मिलिमीटरचे खुंट उभे राहतात, आणि लांब मऊ केसापेक्षा हे खुंट बुबुळाला जास्त टोचतात. 'कापल्यापासून पाणी वाढलं' ही तक्रार येते ती यामुळे.

कापायला गोल टोकाची छोटी कात्री घ्या. कात्री नाकाच्या रेषेला समांतर, टोक डोळ्यापासून दूर, आणि कापणारा हात कुत्र्याच्या गालावर टेकलेला. म्हणजे कुत्र्याने झटका दिला तरी हात त्याच्या डोक्याबरोबर हलतो. पापणीचे केस कापू नका. कोपऱ्यातल्या मांसल ठिपक्यावरचे केस घरी उपटू नका, कापूही नका. ते काम पशुवैद्याचं.

डोक्यावरचे केस लांब असतील तर शेंडी बांधावी लागते. मऊ लॅटेक्सचं रबर वापरा, रोज किंवा एक दिवसाआड बदला आणि काढताना ओढून न काढता कापून काढा. शेंडी घट्ट बांधली तर भुवईची कातडी वर खेचली जाते, पापण्या नीट मिटत नाहीत आणि डोळा सुकतो. बांधून झाल्यावर कुत्र्याकडे अर्धा मिनिट बघत राहा: मिचकावताना दोन्ही पापण्या पूर्ण टेकतात ना? टेकत नसतील तर रबराच्या पुढचे केस बोटाने थोडे पुढे ओढून सैल करा. डोळ्याची काळजी म्हणून बांधलेल्या शेंडीनेच डोळा बिघडताना पाहून फार वाईट वाटतं, कारण मालकाची मेहनत खरी असते.

केसांची व्यवस्था लावल्यावर दोन आठवडे थांबा. या काळात दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

तपासणी ३: पुसण्याची पद्धत

चुकीच्या पुसण्याने डोळा चिडतो, चिडला की आणखी पाणी, म्हणून आणखी पुसणं. हे तोडायला दिवसातून दोन वेळा, एवढंच करा.

निर्जंतुक ०.९ टक्क्यांचं सलाइन किंवा उकळून कोमट केलेलं साधं पाणी घ्या. कापसाचे चपटे दाबलेले गोल पॅड वापरा. सुटा कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात आणि मग त्यांचंच निमित्त होतं. प्रत्येक डोळ्याला नवा पॅड. वाळलेलं चिपड ओढून काढू नका: ओला पॅड एक-दोन मिनिटं वर धरून ठेवा, म्हणजे ते आपोआप सुटतं. मग डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली गालाकडे पुसा, उलट दिशेने नाही. उरलेले कण बारीक दातांच्या फणीने, फणी कातडीला समांतर धरून, डोळ्यापासून बाहेर विंचरा.

आणि शेवटी सुकवा. बहुतेकांची चूक इथेच होते. ओल्या पॅडने पुसून तसंच सोडलं तर डागाला हवा असलेला ओलावा आपणच पुरवतो. कोरड्या पॅडने टिपून केसांची मुळं सुकली आहेत याची खात्री करा. केसांत गुठळी झाली असेल तर ती कधीच सुकत नाही. खालची कातडी बिघडायच्या आत ती सोडवा किंवा सुरक्षितपणे कापता येत असेल तर कापा.

हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, लिंबू, केस उजळवणारी कुठलीही पेस्ट डोळ्याजवळ आणू नका. कुत्र्याने मान झटकली की थेंब डोळ्यात जायला क्षणही लागत नाही, आणि बाहेर असलेल्या बुबुळाला त्याने भाजल्यासारखी इजा होते.

तपासणी ४: हवा, आंघोळ, पट्टा

झोपायची जागा पंख्याच्या किंवा एअर कंडिशनरच्या झोतात आहे का ते बघा. बरेच शिह त्झू पापणी किंचित उघडी ठेवून झोपतात. रात्रभर झोत लागला की बुबुळाचा मधला भाग सुकतो आणि सकाळी भरपाई म्हणून पाणी येतं. जागा हलवणं पुरेसं असतं. धूर, सुगंधी फवारे, धुळीची माती, धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर काढलेलं तोंड, हेही याच खात्यातलं.

आंघोळीत तोंडावर शाम्पू ओतू नका. ओल्या कापडाने तोंड वेगळं पुसा. ड्रायरची गरम हवा समोरून चेहऱ्यावर सोडू नका, मागून पुढे आणि कमी गरम ठेवा. डोळ्यांचं पाणी दर आंघोळीनंतर दोन दिवस वाढत असेल तर कारण इथेच आहे.

गळ्यातला पट्टा ओढला गेला की डोळ्याच्या आतला दाब वाढतो. ओढत चालणाऱ्या कुत्र्याला छातीवर बसणारा हार्नेस घाला. डोळ्याला जखम असेल किंवा दाबाचा त्रास असेल तर हा बदल आजच करा.

तपासणी ५: वय आणि दात

चार ते सात महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात आणि त्या काळात अनेक पिल्लांचं पाणी वाढतं. डोळा स्वच्छ, उघडा, चमकदार असेल तर नुसतं पुसून-सुकवून वाट बघणं योग्य. दात पूर्ण आल्यावरही पाणी थांबलं नाही तर पुढच्या तपासण्या करा. आखूड जबड्यात दुधाचा दात न पडता नव्या दाताशेजारी तसाच राहण्याचं प्रमाण बरंच असतं. ओठ उचलून तेही बघून ठेवा.

मोठ्या कुत्र्यात एका डोळ्याखाली सूज आणि त्याच बाजूचं पाणी, असं दिसलं तर वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो. ती मुळं डोळ्याच्या अगदी खाली असतात. इथे डोळ्याचं औषध घालून उपयोग नाही.

तपासणी ६: खाणं

याला लोक पहिला नंबर देतात. खरं तर तो इतक्या उशिरा यायला हवा. अन्नाची ॲलर्जी असेल तर ती सहसा एकट्या डोळ्यातून दिसत नाही. पंजे चाटणं, कान पुन्हा पुन्हा लाल होणं, पोटाखाली खाज, यातलं काही जोडीला आहे का? नसेल तर खाणं बदलण्यात पैसा आणि महिने जातील.

असेल तर नीट चाचणी करा. पशुवैद्याशी बोलून एकच, आधी कधी न दिलेलं प्रथिन असलेलं किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खाद्य निवडा आणि आठ आठवडे फक्त तेच द्या. एक बिस्किट, चवीची गोळी किंवा ताटातला एक घास दिला तरी हिशोब बिघडतो. आठवड्याने ब्रँड बदलत राहणं म्हणजे चाचणी नव्हे.

पाण्यात व्हिनेगर टाकल्याने डाग जातात याला भरवशाचा आधार नाही. पिण्याचं पाणी स्वच्छ असावं, पण पाण्यातल्या क्षारांमुळे अश्रू तांबडे होतात हे म्हणणं पॉर्फिरिनच्या मुळाशी जुळत नाही. तो रंग शरीरातच तयार होतो.

खाण्यात मिसळायच्या डाग-पावडरींबद्दल स्पष्ट सांगायला हवं. अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे प्रतिजैविक असायचं, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कामासाठी ते मंजूर नाही म्हणून कंपन्यांना इशारा दिला होता. डाग दिसू नये एवढ्यासाठी कुत्र्याला महिनोन्महिने प्रतिजैविक देणं अजिबात योग्य नाही. पावडर बंद केली की डाग परत येतात, कारण ओलावा तसाच असतो. शिवाय जिवाणूंना त्या औषधाची सवय होते, ती वेगळीच. पावडरीच्या डब्यावर घटक पूर्ण छापलेले नसतील तर ती घेऊ नका.

इथे थांबा आणि पशुवैद्याकडे जा

केस नीट केले, पुसणं-सुकवणं नियमित आहे, झोत आणि शाम्पू टाळले, आणि तीन-चार आठवड्यांनीही ओळ ओलीच, तर घरचं काम संपलं. पापणीच्या आतल्या कडेवर उगवलेला केस, आत वळलेली पापणी, जन्मतः न उघडलेलं अश्रूछिद्र, तुंबलेली नळी हे घरच्या उजेडात दिसत नाही आणि घरी दुरुस्तही होत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबी-लाल गोळा बाहेर आला असेल तर ती बहुधा तिसऱ्या पापणीची (कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असलेल्या, एरवी न दिसणाऱ्या पापणीची) ग्रंथी आहे. ती दाबू नका. अश्रूंचा मोठा वाटा ती तयार करते, म्हणून कापून टाकण्याऐवजी परत जागेवर बसवणारी शस्त्रक्रिया करतात. कापली तर पुढे डोळा कोरडा पडण्याचा धोका वाढतो. ग्रंथी कापणार की परत बसवणार, हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट विचारा.

जाताना त्या सकाळी डोळ्यात थेंब घालू नका, आधीपासून सांगून दिलेलं औषध असेल तर फोन करून विचारा. अश्रू मोजण्याची चाचणी कोणतेही थेंब पडण्याआधी व्हायला हवी. दर आठवड्याला एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून काढलेले फोटो बरोबर न्या. पाणी कधी सुरू झालं, एक डोळा की दोन, आणि आतापर्यंत काय काय घातलं ते लिहून न्या. उरलेली जुनी बाटली वापरली असेल तर तेही लपवू नका.

तिथे काय होतं ते माहीत असलं की प्रश्न नेमके विचारता येतात.

शिरमर चाचणीत, म्हणजे अश्रू मोजण्याच्या चाचणीत, कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते वाचतात. १५ किंवा जास्त म्हणजे ठीक, १० ते १५ मधे असेल तर संशय, १० च्या खाली कोरडा डोळा, ५ च्या खाली गंभीर. दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहून घ्या; पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच होते.

फ्लुओरेसिनचा रंग डोळ्यात घातल्यावर जखम असेल ती जागा निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. तोच रंग काही मिनिटांत नाकपुडीत उतरला तर नळी उघडी आहे. उतरला नाही म्हणून नळी तुंबलीच असं मात्र नाही. आखूड नाकाच्या कुत्र्यात तो घशाकडेही जातो. भूल देऊन नळी धुण्याचा सल्ला याच एका गोष्टीवरून मिळाला तर आणखी तपासणीबद्दल विचारा.

पापण्या भिंगातून बघणं आणि डोळ्याचा दाब मोजणं, हे उरलेले दोन भाग. डोळा लाल किंवा धुरकट असेल तर दाब मोजायलाच हवा.

स्टेरॉइडचे थेंब जखम नाही याची फ्लुओरेसिनच्या रंगाने खात्री केल्याशिवाय घालू नका. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड पडलं तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. माणसांचे लाली घालवणारे थेंब, मागच्या वेळचं उरलेलं औषध, दुसऱ्या कुत्र्याचं औषध, सगळं यात आलं.

औषध सुरू झाल्यावर

थेंब घालताना समोरून हात आणू नका, कुत्रा मागे सरकतो. त्याला तुमच्याकडे पाठ करून मांडीजवळ बसवा, हनुवटी वर करा, अंगठ्याने वरची पापणी उचला आणि मागून, डोळ्याच्या वरून थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा केसाला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मधे पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या. आधी पातळ थेंब, मग मलम. चिपडं पुसल्याशिवाय औषध घालू नका, ते चिकटपणातच अडकतं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि लेबलवरची मुदत संपली की फेकून द्या.

वळलेली पापणी किंवा कोपऱ्यातले केस यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर गळ्यातली प्लास्टिकची शंकूकृती कॉलर सांगितले तेवढे सगळे दिवस ठेवा. कुत्रा केविलवाणा दिसतो हे खरं, पण तोंड गादीवर एकदा घासलं की टाके सुटतात.

कोरड्या डोळ्याचं निदान झालं तर औषध बहुतेक वेळा आयुष्यभर चालतं. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ग्रंथीला पुन्हा अश्रू बनवायला मदत करतात, पण परिणाम दिसायला सहसा चार ते आठ आठवडे लागतात. तोवर कृत्रिम अश्रूंनी डोळा ओला ठेवावा लागतो. दोन आठवड्यांनी 'फरक नाही' म्हणून बंद करणं आणि डोळा चांगला दिसायला लागला म्हणून बंद करणं, या दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात. पुन्हा मोजणी करायची तीही औषध चालू असतानाच, म्हणजे औषध किती काम करतंय ते आकड्यातून कळतं.

डागाचं काय झालं ते बघताना केसाच्या टोकाकडे बघू नका. रंगलेला केस धुऊन पांढरा होत नाही, वाढून कापलाच जावा लागतो, आणि त्याला काही महिने जातात. बारीक फणीने डोळ्याखालचे केस दुभंगा आणि कातडीलगतचे तीन-चार मिलिमीटर तपासा. तिथे नवा केस कोरडा आणि पांढरा येत असेल तर कारण सापडलं आहे, वरचा तांबडा भाग निर्धास्तपणे वाढू द्या. मुळाशीही तांबडेपणा असेल तर पाणी अजून वाहतं आहे. पहिल्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा, आणि या खेपेला दोन्ही डोळे वेगवेगळे नोंदवा.